व्याह्यांचे दात

बर्फाच्या कारखान्यातले फोरमन आणि दातांचे डॉक्टर हे एकमेकांचे व्याही. फोरमनची मुलगी डॉक्टरांच्या मुलाला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि या आठ वर्षांत दोघांमध्ये एकदाही वाकडा शब्द गेला नव्हता. याचं मुख्य कारण म्हणजे सरळ शब्दही फारसा गेला नव्हता. भेटले की डॉक्टर विचारायचे, कारखाना काय म्हणतो. फोरमन म्हणायचे, गार आहे. दोघं हसायचे, तेवढ्यात बायका बोलायला लागायच्या आणि पुरुषांची सुटका व्हायची.

डॉक्टरांचा दवाखाना बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, तळमजल्याला. त्याच्या बरोबर वरच्या खोलीत बंदरावरच्या माणसांचा बँड सराव करायचा. बँड आधीपासून होता, दवाखाना नंतर आला, त्यामुळे तक्रारीला तोंड नव्हतं. त्यातून बँडमधलं ट्रम्पेट म्हणजे फोरमन. एकतीस वर्षं ते वाजवत होते. वर्षअखेरीला सुट्ट्या लागल्या, जहाजांवर गेलेली माणसं घरी परतली, की गावात आठवडाभर नुसती धमाल चालायची. होड्या सजायच्या, दुकानांवर दिव्यांच्या माळा चढायच्या, आणि शेवटच्या दिवशी मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये बँडचा कार्यक्रम व्हायचा. त्यासाठी शेड दोन दिवस धुवायचे. वास जायचा नाही, पण धुतल्याचं समाधान असायचं. कार्यक्रमाची सुरुवात फोरमनच्या एकट्या ट्रम्पेटने. बाकीचे अठरा जण वाद्यं मांडीवर ठेवून गप्प, आणि हे एकटे उभे. तो सूर कानावर पडल्याशिवाय गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर्ष संपल्यासारखं वाटायचंच नाही.

त्या वर्षी कार्यक्रमाला पाच आठवडे उरले होते. डॉक्टर एका बाईंची दाढ कोरत होते. वर ट्रम्पेट असं काही अचानक कडाडलं की बाई दचकल्या आणि त्यांनी डॉक्टरांचं बोट चावलं. डॉक्टर सौम्य माणूस, पण बोट पोटापाण्याचं. त्यांनी बाईंना चूळ भरायला सांगितली आणि ते जिना चढू लागले. चढता चढता त्यांनी एक वाक्य तयार केलं: व्याहीबुवा, जरा बेताने घेतलंत तर उपकार होतील. ‘उपकार’ जास्त होतंय का, ‘बरं होईल’ पुरे का, या विचारात त्यांनी दार ढकललं.

दाराच्या मागेच फोरमन उभे होते. भिंतीकडे तोंड केलं की आवाज चांगला घुमतो म्हणून ते नेहमी त्या कोपऱ्यात उभे राहत. दार ट्रम्पेटवर आदळलं, ट्रम्पेट तोंडावर आदळलं, आणि फोरमनचे वरचे पुढचे दोन्ही दात हिरडीपासून तुटून खाली पडले.

गावाला तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत बंदरावर बातमी पोचली की दवाखान्यात पेशंट कमी पडले की डॉक्टर आता वर जाऊन घेऊन येतात.

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी त्याच दिवशी व्याह्यांना खुर्चीत बसवलं, रूट कॅनॉल केलं, मापं घेतली आणि सांगितलं की असे दात बसवून देतो की लोक विचारतील. हे बोलताना त्यांच्या मनात अपराधीपणा होताच, पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही होता. त्याला जुना इतिहास होता. मुलांचं लग्न ठरलं तेव्हा डॉक्टरांनी फोरमनना पहिल्यांदा हसताना पाहिलं होतं. पुढचे दोन दात असे, की बसच्या दारात दोन माणसं एकदम घुसावीत आणि दोघंही अडकावीत. डॉक्टरांनी मोठ्या मनाने म्हटलं होतं की लग्नाआधी सरळ करून देतो, फोटो चांगले येतील. फोरमननी तोंड मिटलं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते मिटलेलंच आहे, आणि मुलीच्या लग्नात या माणसाला इतकं दुःख कसलं झालंय असं फोटो बघणाऱ्याला वाटतं. आता आठ वर्षांनी ते दोन दात डॉक्टरांच्या हातात आले होते. त्यांनी लॅबमधल्या कारागिराकडून एकसारख्या, शुभ्र, पट्टीने आखल्यासारख्या दोन कॅपा करून घेतल्या आणि दहाव्या दिवशी बसवल्या. फोरमननी आरशात पाहिलं. नटासारखे दिसत होते. ते म्हणाले, फारच छान. मग घरी जाऊन त्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावलं, तर चहाची किटली उकळावी तसा आवाज आला.

दुसऱ्या दिवशीही तेच. वारा ओठांच्या कडेने निसटायचा आणि सूर धरता धरता सुटायचा. फोरमनना कारण कळत नव्हतं असं नाही. पण व्याह्यांनी एवढ्या प्रेमाने बसवलेले दात, त्यांना नावं कशी ठेवणार? त्यांनी सरावाला गेल्यावर सांगितलं की घसा बसलाय. घशाचा आणि ट्रम्पेटचा तसा संबंध नसतो, पण तो मुद्दा कोणी काढला नाही. मग सांगितलं की ट्रम्पेटचे बोटांनी दाबायचे दट्टे अडकतायत. दट्ट्यांना तेल घातलं. मग हवेला दोष दिला. इकडे डॉक्टरांनाही वरचा किटलीचा आवाज ऐकू येत होता. त्यांनीही काही विचारलं नाही, कारण विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करायचं? दिवसामागून दिवस दोघं असे मूग गिळून बसले. मुलगी अधल्यामधल्या जागी सापडली होती. ती सासऱ्यांच्याच दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायची. तिला दोन बाबा: माहेरचे नुसते बाबा आणि इकडचे डॉक्टरबाबा. तिने नवऱ्याला मध्ये पडायला सांगून पाहिलं. तो म्हणाला की दातही आपलेच, ओठही आपलेच, आपण बोलायचं नाही. म्हण चांगली होती, पण तिच्या कामाची नव्हती.

बँड बसवणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना घसा, दट्टे आणि हवा यांची बेरीज जमेना. कार्यक्रमाला अठरा दिवस उरले तेव्हा त्यांनी फोरमनना बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं की या वर्षी सुरुवात क्लॅरिनेटवर करू. फोरमन म्हणाले, योग्य आहे. मग म्हणाले, पण मी घरी बसणार नाही, मला ट्रँगल द्या.

ट्रँगल म्हणजे दोरीला टांगलेली तिकोनी सळई. तिच्यावर काडीने मारायचं. सबंध कार्यक्रमात अकरा वेळा मारायचं होतं.

खाली दवाखान्यात शांतता झाली. गेली कित्येक वर्षं डॉक्टरांना हवी होती तीच शांतता. पहिल्या दिवशी त्यांनी तिचा आस्वाद घेतला. दुसऱ्या दिवशी एका पेशंटने वर बोट दाखवून विचारलं की आज भोंगा नाही का. तोंडात कापूस असल्यामुळे ते नीट कळलं नाही, पण डॉक्टरांना कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण काम थांबवून छताकडे बघत उभे आहोत. वर बँड वाजत होता, ढोल, क्लॅरिनेट, सगळं जागच्या जागी होतं. आणि मग बऱ्याच वेळाने, अगदी नेमक्या मात्रेवर, एक आवाज आला.

टिंग.

त्यांनी सुनेला विचारलं, हे काय आहे. तिने पेशंटच्या वहीतून मान वर न करता सांगितलं, "हे आमचे बाबा आहेत."

त्या रात्री डॉक्टरांना जेवण गेलं नाही. रविवारी त्यांनी व्याह्यांना दुपारी जेवायला बोलावलं, म्हणजे बायकोला बोलवायला लावलं. फोरमनची बायको फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत बसायची. दिवसभर काचेतल्या भोकातून बोलायचं, मागे रांग, त्यामुळे लांबण लावायची तिची सवय सुटली होती. जेवणं होत आली तेव्हा डॉक्टरांच्या बायकोने सहज म्हणून विहीणबाईंना विचारलं की नवे दात कसे वाटतात.

"दात चांगले आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "पण ते यांचे नाहीत."

फोरमननी टेबलाखालून पाय मारला. तो डॉक्टरांना लागला.

"एकतीस वर्षं वाजवलं ते वाकड्या दातांवर. आता सरळ झालेत, तर वाजत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? पण एक सांगणार नाही आणि दुसरा विचारणार नाही. मग मीच सांगते. यांना वाजवायचंय." आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला, जणू पुढच्या गिऱ्हाइकाला तिकीट द्यायचं होतं.

फोरमन पानातल्या पानात चमचा फिरवत राहिले. मग डॉक्टरांनी विचारलं, "माऊथपीस कुठे टेकायचं तुमचं?"

फोरमननी बोट ठेवून दाखवलं. मधोमध नाही, जरा डावीकडे. तिथे एक दात पुढे होता, त्याच्यामागे एक खाच होती, आणि वरचा ओठ त्या खाचेत बसायचा. एकतीस वर्षांत ओठाने तिथे आपली जागा केली होती. डॉक्टरांनी उठून हात धुतले आणि म्हणाले, चला दवाखान्यात.

आता अडचण अशी की जुने दात कसे होते याचा पुरावा कुठेच नव्हता. तुटलेले तुकडे त्या गडबडीत केरात गेले होते. फोटोंत तोंड मिटलेलं, आणि ते का मिटलेलं हे डॉक्टरांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मुलगी माहेरी जाऊन कपाट उपसून आली आणि एक फोटो घेऊन आली. तिशीतले फोरमन वाळूत उभे आहेत, त्यांनी वर्षाच्या मुलीला डोक्यावर उचलून धरलंय, तिने त्यांच्या कपाळावर पाय दिलाय, आणि ते तोंड उघडून हसतायत. दोन्ही दात दिसत होते. भिंगाखाली चांगलेच दिसत होते.

डॉक्टरांनी आधी लॅबच्या कारागिराला घरी फोन केला आणि काय हवं ते सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, आवाज नीट येत नाहीये, मला ‘वाकडे’ ऐकू आलं." डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. कारागीर अदबीने म्हणाला की करून देतो, पण लॅबचं नाव कुठे सांगू नका. डॉक्टरांनी फोन ठेवला. पक्क्या कॅपा पुढे बघू, सध्या प्लास्टिकच्या आपणच घडवू, असं त्यांनी ठरवलं. तीस वर्षं त्या हातांनी जगातले वाकडे दात सरळ केले होते. आता सरळ सोडून वाकडं करायचं म्हटल्यावर हात ऐकेनात. पहिली जोडी त्यांनी वाकडी म्हणून घडवली, तीही सरळच निघाली.

मग विहीणबाई खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसल्या. त्या म्हणाल्या की फोटोतल्यापेक्षा डावा नंतर अजून पुढे आला होता, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून. उजव्याचं टोक थोडं तुटलेलं होतं, बाटलीचं झाकण दाताने उघडायला गेले होते. मध्ये फट होती, पण वर नाही, खाली. इतकी नाही. अजून थोडी. आता जास्त झाली. चोराचं वर्णन देणाऱ्या साक्षीदारासारख्या त्या बोलत होत्या आणि डॉक्टर यंत्राने घासत होते. खुर्चीतले फोरमन आ वासून ऐकत होते. आ वासणं भागच होतं, पण तेवढंच कारण नव्हतं. आपले दात बायकोने इतके नीट पाहून ठेवलेत हे त्यांना माहीत नव्हतं.

प्रत्येक घासणीनंतर फोरमन खुर्चीतच ट्रम्पेट तोंडाला लावायचे आणि एक सूर काढायचे. पहिल्या वेळी किटली. पाचव्या वेळी म्हैस. नवव्या वेळी काहीतरी माणसात आल्यासारखं वाटलं. डॉक्टरांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दात घासून आवाज बदलतो म्हटल्यावर त्यांचा कान आपोआप उघडला. संध्याकाळ झाली तेव्हा ते म्हणत होते की खालचा सूर ठीक आहे, वर जाताना गळतंय, उजवीकडून. आणि ते खरं असायचं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मधल्या दिवसांत रात्रीचं जेवण झाल्यावर डॉक्टर सुनेला विचारत, बाबांनी आज किती वेळ वाजवलं, ओठ सुजलाय का.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी फोरमननी वरच्या खोलीत जाऊन ट्रँगल परत केला. गणिताच्या बाईंनी एकदा वाजवून दाखवायला सांगितलं, ऐकलं आणि क्लॅरिनेटवाल्याकडे बघितलं. क्लॅरिनेटवाला म्हणाला, सुटलो.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या जिवाला लागून राहिली होती. त्या वर्षी प्रमुख पाहुणा आणायचं काम समितीने त्यांच्याकडे दिलं होतं, आणि त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच मोठ्या फुशारकीने आपल्या कॉलेजच्या मित्राला बोलावून ठेवलं होतं. मित्र मोठ्या शहरातला नावाजलेला दंतवैद्य. सबंध आयुष्य त्याने समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दातांत बघत काढलं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी सजवलेल्या होड्या बंदराला फेरी मारून आल्या. एका होडीवरचा कागदाचा देवमासा वाऱ्याने उडून पाण्यात गेला आणि त्याला बाहेर काढायला तीन होड्या लागल्या. पाच वाजता शेड भरली. बसायला बाकं, मागे उलट्या ठेवलेल्या मासळीच्या पेट्या, पोरं खांबांवर. डॉक्टर दुसऱ्या रांगेत, शेजारी मित्र. व्याह्यांच्या बाजूचं सगळं बिऱ्हाड मागे. दिवे लागले, बाईंनी हात वर केला आणि फोरमन उभे राहिले.

डॉक्टरांची जीभ नकळत स्वतःच्याच पुढच्या दातांना जाऊन टेकली.

पहिला सूर आला तो बारीक, पण धरलेला. दुसरा त्याच्यावर चढला. तिसऱ्याला किंचित खरखर झाली, आणि डॉक्टरांनी बाकाची कड अशी आवळली की मित्राने वळून पाहिलं. मग चौथा सूर लागला. तो भरला, मोठा झाला, पत्र्याच्या छपराखालून सरकत धक्क्यापर्यंत गेला, आणि बाहेर होड्या बांधत असलेली माणसं हातातला दोर तसाच धरून थांबली. मागच्या पेटीवर बसलेल्या एका आजीने शेजारणीला सांगितलं, चला, संपलं बाई वर्ष.

कार्यक्रमानंतर फोटो. नगराध्यक्ष काहीतरी बोलले आणि फोरमन हसले, तोंड उघडून, सगळ्यांसमोर. पाहुण्यांचं हस्तांदोलन मध्येच थांबलं. त्यांनी फोरमनच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि डॉक्टरांना कोपऱ्यात ओढून दबक्या आवाजात म्हणाले की हे प्लास्टिकचं काम दिसतंय, नवीन आहे, आणि असलं काम करणारा कोण माणूस इथे दुकान थाटून बसलाय त्याचं नाव मला हवंय.

डॉक्टरांना सहज सांगता आलं असतं की बाहेरगावचा कोणीतरी आहे. ते वाक्य त्यांच्या ओठांवरही आलं होतं. समोर फोरमन अजून हसत होते, त्यांच्या गळ्यात दोघांची चार वर्षांची नात लटकली होती.

"मीच केलंय," डॉक्टर म्हणाले. "दोन रविवार लागले."

मित्र हसायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की हसण्याची गोष्ट नाही. "मुद्दाम?"

"मुद्दाम. पक्क्या कॅपाही अशाच करणार आहे." एवढं बोलून डॉक्टरांना इतकं मोकळं वाटलं, की त्यांनी त्याला उजव्या दाताचं तुटलेलं टोकही नीट समजावून सांगितलं, त्यातल्या बाटलीच्या झाकणासकट.

पाहुण्यांची गाडी निघाली तेव्हा आठही वाजले नव्हते. दोन्ही कुटुंबं धक्क्यावरून चालत घरी निघाली. बायका आणि सून पुढे, नात तिच्या कडेवर, नवरा ट्रम्पेटची पेटी घेऊन. व्याही मागे राहिले. बराच वेळ नेहमीसारखे गप्प चालले. मग फोरमन म्हणाले, "डॉक्टर, एक सांगू का? डावीकडचा टोचतो. वाजवताना नाही, जेवताना."

डॉक्टर थांबले. आठ वर्षांत व्याह्यांनी केलेली ही पहिली तक्रार. राग यायला हवा होता, पण त्यांना कोणीतरी घरातला म्हणून हाक मारल्यासारखं वाटलं.

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

"आणि आत्ता सांगताय? उद्या सकाळी या."

"उद्या सुट्टी आहे तुमची."

"या म्हटलं ना. आणि आता बोलतोच आहोत तर सांगतो, तुमचा तिसरा सूर फाटला."

फोरमन म्हणाले की फाटला नाही, तो तसाच असतो. डॉक्टर म्हणाले की तसा नसतो, मी दोन रविवार ऐकलाय. फोरमननी विचारलं की ट्रम्पेट कोण वाजवतं. डॉक्टरांनी विचारलं की दात कोणी बसवले. आवाज चढत गेले. धक्क्यावरचे दिवे, गर्दी, समोरून येणारी ओळखीची माणसं, कशाचंही भान दोघांना राहिलं नाही. फोरमन मध्येच थांबून हवेत बोटांनी दट्टे दाबून दाखवू लागले आणि डॉक्टर मान हलवून नाही नाही म्हणू लागले.

पुढे चाललेल्या डॉक्टरांच्या बायकोने घाबरून मागे पाहिलं. "अहो विहीणबाई, हे भांडतायत वाटतं."

विहीणबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "भांडू देत," त्या म्हणाल्या, "आठ वर्षांचं साचलंय," आणि नातीची घसरलेली टोपी सारखी करत त्या पुढे चालू लागल्या.